मापपोथी ते पटल

सकाळी ६.४५

पेपर आला की बाबा बेसण्याच्या, म्हणजे शोकबैठकांच्या, जाहिरातींचं पान उघडतात आणि मी टेंडर नोटिसांचं. ओळखीची नावं दोघांनाही सापडतात. आज एका पुलाचं मजबुतीकरण आहे, दोन रस्त्यांचं रिसर्फेसिंग आहे, एका वसतिगृहाची कंपाउंड वॉल आहे. जानेवारी लागला की या नोटिसा वाढतात. ग्रांट शिल्लक असते, आणि ३१ मार्चला शिल्लक राहिलेली ग्रांट परत जाते.

"काय म्हणतायत तुझी गिऱ्हाइकं?" बाबा विचारतात. ते बँकेतून निवृत्त झाले. ऑडिट म्हणजे कॅश मोजायची, चहा प्यायचा आणि एक किरकोळ चूक लिहून जायचं, हे त्यांचं मत काही केल्या बदलत नाही.

मी कॅगच्या, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, ऑडिट पार्टीत सहायक लेखापरीक्षा अधिकारी आहे. आमची पार्टी तिघांची. वर एक सीनियर, मध्ये मी आणि सोबत एक तरुण ऑडिटर. वर्षातले कितीतरी महिने दाहोद, छोटाउदेपूर, भरूच अशा ठिकाणी सरकारी रेस्ट हाउसच्या खोल्यांत जातात. सध्या मात्र सुख आहे. तपासणीला मिळालेली बांधकाम डिव्हिजन वडोदऱ्यातलीच, त्यामुळे डबा घरचा. डिव्हिजन कोणती, ते सांगणार नाही. यात त्यांचा मान राखण्यापेक्षा माझ्या नोकरीचा विचार जास्त आहे.

सकाळी ९.५०

वाडीतून निघून न्यायमंदिर, मग सुरसागर, मग दांडिया बाजार. ट्रॅफिकमध्ये अडकलं की न्यायमंदिराकडे बघण्यावाचून दुसरं काम नसतं. १८९६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनने उद्घाटन केलेली ही इमारत. कोर्ट २०१८ साली नव्या जागेत गेलं, तरी पत्ता सांगताना लोक अजून 'न्यायमंदिर'च सांगतात.

आमच्या गावात एक वाक्य फार ऐकू येतं: "राजाचं राज्य होतं तेच बरं होतं, काम पक्कं व्हायचं." बोलणारा लक्ष्मीविलास राजवाडा दाखवतो, आजवा दाखवतो. महाराजा सयाजीरावांनी बांधलेला तो तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहराला पाणी देतो आहे, हे खरंच. त्यासाठी महाराजांना कुठल्या सभागृहाची मंजुरी लागली नाही, हेही खरं. संस्थानची धारासभा, म्हणजे विधिमंडळ, आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तीही सल्ला देण्यापुरती. खर्च अडवण्याची ताकद तिच्यात नव्हती. पण त्याच गादीवर आधी मल्हारराव होते. त्यांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या तेव्हाही त्यांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि राज्याची घडी बसवायला दिवाण म्हणून टी. माधवराव आले. चांगला राजा मिळाला तर आजवा, नाही तर तोफा. विधानसभा आणि तिचा कंटाळवाणा हिशेब हवा तो या जुगारात पडायला नको म्हणून.

आणि या हिशेबाचं एक मूळ आमच्याच गावात सापडतं. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब, १८८८ मध्ये वडोदऱ्यात जन्मले. घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. १९५० पूर्वी केंद्राच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद अर्थखातं सांभाळणाऱ्याकडेच असे, म्हणजे पैसे वाटणारा आणि जाब विचारणारा एकच. राज्यघटना आली आणि समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या अधिकाराखाली गेली. त्याच वर्षी, मावळंकर अध्यक्षपदी असताना, अंदाज समितीही स्थापन झाली. वडोदऱ्यात त्यांचा जन्म झाला हे दहा जणांना विचारलं तर एखाद्याला माहीत असतं.

सकाळी १०.३०

गुजरात सरकारची कचेरी साडेदहाला उघडते आणि सहा वाजून दहा मिनिटांनी बंद होते. त्या दहा मिनिटांचं रहस्य मला आजवर कुणी उलगडून सांगितलेलं नाही.

आम्हाला बसायला कॉन्फरन्स रूम दिली आहे. ऑडिटला नेहमी अशीच खोली देतात, चहा वेळेवर येईल पण फायली ठेवलेल्या खोलीपासून लांब. काल दिलेल्या मागणीपत्रातल्या बावीस बाबींपैकी नऊ आल्या आहेत. अकाउंटंट हसत येतो. "बेन, बाकीचं सब-डिव्हिजनमधून मागवलंय." हे वाक्य मी प्रत्येक जिल्ह्यात ऐकलेलं आहे. मागवलेलं येतं, पण आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला.

सकाळी ११.१५

मापपोथी हा गुजराती शब्द. मराठीत मोजमाप पुस्तिका, कचेरीत सगळे एम.बी. म्हणतात. विधानसभेने मंजूर केलेला पैसा ज्या ठिकाणी डांबर, खडी आणि लोखंड होतो ते ठिकाण म्हणजे हे लांबट, जाड पुठ्ठ्याचं वहीवजा पुस्तक. पानांवर छापील नंबर असतात, म्हणजे पान फाडता येऊ नये. नोंद शाईने करायची, खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारून सही. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन माप घेतो, डेप्युटी, म्हणजे उपकार्यकारी अभियंता, त्यातली काही मापं स्वतः पुन्हा तपासतो आणि तसं लिहितो. बिल पास झालं की त्या पानांवर लाल शाईने तिरकी रेघ ओढतात, त्याच मापांवर दुसऱ्यांदा पैसे निघू नयेत म्हणून. आता बरंच कॉम्प्युटरवर होतं, पण आमच्यासमोरचं काम जुनं, वहीतलंच आहे.

एम.बी. वाचायची एक रीत आहे. आकड्यांची बेरीज शेवटी करायची. बेरीज सहसा बरोबरच असते. आधी बघायचं ते हस्ताक्षर. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या की थांबायचं. मग तारखा. १४ जुलैला डांबरीकरणाचं माप घेतलंय? भर पावसाळ्यात डांबर कोण टाकतं? मग चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं अंतर; ३/२०० म्हणजे ३ किलोमीटर २०० मीटर.

आजचा रस्ता पाचेक किलोमीटरचा. तिसऱ्या रनिंग, म्हणजे काम चालू असतानाच्या, बिलात ३/२०० ते ३/८०० एवढ्या पट्ट्यात डांबराचा थर मोजलाय. पाचव्या बिलात तोच थर ३/६०० ते ४/२००. मी ऑडिटरला म्हटलं, "वाच मोठ्यांदा." त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, मग हसला. ३/६०० ते ३/८००, दोनशे मीटर, दोनदा. त्याच रुंदीचे, त्याच जाडीचे, डेप्युटीच्या सहीचे. कदाचित चुकून झालं असेल. दोन वेगळ्या कनिष्ठ अभियंत्यांनी मापं घेतली आहेत, मध्ये बदली झालेली दिसते. पण चूक असो वा हुशारी, पैसे गेलेत.

अशी जागा सापडली की आनंद होतो, हे कबूल करायला हरकत नाही. सुताराला लाकडातली गाठ सापडावी तसा. नव्या मुलाला मी तेवढ्यासाठीच पहिल्या दिवसापासून एम.बी. वाचायला बसवते. बाकी सगळं तो संगणकावर शिकतो.

दुपारी १.३०

डबा. मेथीचं ठेपलं अकाउंटंटकडून, आमच्याकडून मटकीची उसळ. जेवताना सगळ्या कचेऱ्यांमध्ये खरं बोललं जातं.

अकाउंटंट वैतागलाय. गांधीनगरहून सुधारित अंदाज मागितलेत आणि पुढच्या वर्षासाठी 'नवी बाब'चे, म्हणजे नव्या खर्चाचे, प्रस्तावही. वर्षभरात किती खर्च होईल हे जानेवारीत सांगायचं. कमी सांगितलं तर ग्रांट कापली जाते, जास्त सांगितलं तर मार्चमध्ये खर्ची घालावी लागते. "म्हणून बेन, मार्च एंडिंगला काम पळतं," तो म्हणाला. तो सांगत होता ते खरंय. आम्ही अहवालात 'वर्षअखेरीस खर्चाची घाई' असं लिहितो, तेव्हा या माणसाची झोप त्यात दिसत नाही. पुढची पायरी मात्र मला पटत नाही. ग्रांट लॅप्स होऊ नये म्हणून काम होण्याआधीच रक्कम काढून डिपॉझिटच्या खात्यात ठेवायची. वहीत खर्च झाला, जमिनीवर वीटही नाही. सभागृहाने एका वर्षासाठी दिलेला पैसा असा गुपचूप पुढच्या वर्षात जातो आणि एकेका वर्षाची मंजुरी घेण्याला अर्थ उरत नाही.

सभागृहाचा अर्थ काय, हा प्रश्न ऑडिटरने विचारला. तो कॉमर्सचा, वय पंचवीस. मी त्याला सांगितलं: १८२ आमदार, फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट, २०२५-२६ चं होतं ३ लाख ७० हजार २५० कोटींचं. खात्याखात्याच्या मागण्या मतदानाला येतात. चर्चेला दिवस ठरलेले असतात. ते संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. कपातसूचना येतात, पण मंजूर होत नाहीत, कारण मंजूर झाली तर सरकार पडेल. रस्ते-पुलांचा भांडवली खर्च शीर्ष ५०५४ खाली, इमारतींचा ४०५९ खाली. एवढ्या मोठ्या आकड्यात आपला दोनशे मीटरचा पट्टा कुठे दिसणार?

"मग आपण कशाला?" तो म्हणाला.

"आमदाराला ३/६०० दिसत नाही म्हणूनच," सीनियर म्हणाले आणि उसळ आणखी घेतली.

दुपारी २.४५

संयुक्त पाहणी. डेप्युटी, कनिष्ठ अभियंता, मी आणि ऑडिटर, डिव्हिजनच्या जीपमधून पाद्रा तालुक्यात. आमच्या आवडीची जागा म्हणजे पूर्ण झालेली पण वापरात नसलेली इमारत. आज अशी एक मिळाली: कर्मचाऱ्यांची निवासस्थानं, काम पूर्ण झाल्याचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा. कुलूप उघडायला किल्ली सापडेना. शेजारच्या घरातली एक आजी म्हणाली, "लाइट नथी, तो कोण रहे?" बांधकाम एका खात्याने केलं, वीजजोडणीचे पैसे दुसऱ्याने भरायचे होते, आणि त्या दोघांमधला पत्रव्यवहार फायलीत बत्तीस पानांचा आहे. आत सिंकखाली कबुतरांची घरटी. खिडकीची काच फुटलेली. बांधणारा म्हणतो ताबा दिला, वापरणारा म्हणतो घेतला नाही. मी फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि जागेवरच पंचनाम्यासारखी टिपणी लिहून चौघांच्या सह्या घेतल्या. अशी कलमं, म्हणजे अहवालातल्या हरकती, लिहायला सोपी असतात. विधानसभेतही चालतात, कारण फोटोतलं कबूतर कुणालाही कळतं.

परतीच्या वाटेवर मुजपूरचा फाटा लागला. डेप्युटी बोलता बोलता गप्प झाले.

९ जुलै २०२५ ला सकाळी मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा कोसळला. मुजपूर आणि आणंद जिल्ह्यातलं गंभीरा यांना जोडणारा पूल, १९८५ साली वाहतुकीला खुला झालेला. गाड्या नदीत गेल्या, वीसहून अधिक माणसं मेली. एक टँकर तुटलेल्या कडेवर कित्येक दिवस लटकलेला होता आणि त्याचा फोटो देशभर फिरला. दुसऱ्या दिवशी चार अभियंते निलंबित झाले. जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने २०२२ मध्येच पूल धोकादायक असल्याचं लेखी कळवलं होतं. नवा पूल २१२ कोटींचा मंजूरही होता. म्हणजे कागदावर नवा पूल होता आणि नदीवर जुना.

त्यानंतर मला एक गोष्ट डाचते. तो पूल पडायच्या आदल्या वर्षी मी तिथल्या खर्चाची तपासणी केली असती तर काय सापडलं असतं? डागडुजीचं बिल, खड्डे बुजवल्याची एम.बी., बहुधा नियमाप्रमाणे. सही, लाल रेघ, सगळं जागच्या जागी. एक रुपयाचं कलम निघालं नसतं. आमची सगळी कला झालेल्या खर्चाभोवती फिरते: दोनदा मोजलं का, दर जास्त लावला का, रॉयल्टी कापली का. जो खर्च व्हायला हवा होता आणि झाला नाही त्याची एम.बी. नसते. बजेटमध्येही त्याला शीर्ष नाही. नवा पूल म्हणजे भूमिपूजन, पाटी, विधानसभेत आमदाराचं अभिनंदन. बेअरिंग बदलणं म्हणजे रात्रीचं काम, वाहतूक बंद, आणि कुणाचंही नाव नाही. ते मागायला सभागृहात कोण उभा राहणार?

कॅगकडे याला उपाय आहे, कामगिरी लेखापरीक्षण. योजना, देखभाल, निकाल असं सगळं त्यात बघता येतं. पण विषय निवडून, निकष ठरवून, नमुना काढून ते करायला वर्ष जातं, आणि दरवर्षी मोजकेच विषय घेता येतात. ३० ऑक्टोबर २०२२ ला मोरबीचा झुलता पूल पडून १३५ माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ ला आमच्याच हरणी तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. दोन्हीकडे पुढे कंत्राट तपासलं गेलं. पुढे.

"बेन, आम्ही लिहितो वर," डेप्युटी जीपमध्ये म्हणाले. "पुलाची दुरुस्ती मागितली की नव्या कामाचा अंदाज मागतात." मी ते वहीत लिहून घेतलं नाही. ऐकीव गोष्टीचं कलम होत नाही.

संध्याकाळी ५.१५

कचेरीत येऊन हाफ मार्जिन लिहायला बसले. कागदाच्या डाव्या अर्ध्यात आमची हरकत, उजवा अर्धा त्यांच्या उत्तरासाठी कोरा. भाषेला इथे फार धार लावावी लागते. 'अतिप्रदान झाले' लिहिलं तर सिद्ध करायची जबाबदारी आमची. 'अतिप्रदान झाल्याचे दिसून येते, खुलासा करावा' लिहिलं तर त्यांची. दोनशे मीटरच्या पट्ट्याची रक्कम काढली, एम.बी. नंबर, पान नंबर, बिल नंबर टाकले.

डेप्युटी दहा मिनिटांत आत आले. आता मघाचे गप्प डेप्युटी राहिले नव्हते. "बेन, ठेकेदाराचं फायनल बिल बाकी आहे. त्यातून वसूल करून टाकू. मग कलम कशाला?"

हे रोजचं बोलणं आहे आणि त्यात तथ्य आहे. वसुली झाली तर राज्याचा पैसा आला, मग पुढे काय उरलं? माझं मत मात्र पक्कं आहे. वसुली करा, चलन दाखवा, आम्ही कलमात तसं नोंदवू. पण कलम राहील. नाहीतर पुढच्या वेळी कुणाला कळणार की याच सब-डिव्हिजनमध्ये मापं अशी दोनदा चढतात? पैसे परत येण्याइतकंच ते लिहिलेलं असणं महत्त्वाचं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

संध्याकाळी ६.४०

कचेरी रिकामी. सीनियर चष्मा पुसत कोणतं कलम कुठे जाईल याची वाटणी करतात. दोनशे मीटरचं कलम तपासणी अहवालात राहील आणि जिल्ह्यातच निपटेल. निवासस्थानांचं पुढे जाऊ शकतं. आणखी तीन डिव्हिजनमध्ये अशाच इमारती सापडल्या तर त्याचं मसुदा कलम होईल, गांधीनगरला सचिवांकडे जाईल, त्यांचं उत्तर येईल किंवा येणार नाही. मग कॅगच्या अहवालात छापलं जाईल. अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राज्यपालांकडे, तिथून विधानसभेच्या पटलावर. मग लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारेल. मंत्र्यांना नाही, सचिवांना.

समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा हा संकेत केंद्रात १९६७ पासूनचा. पहिले तसे अध्यक्ष मिनू मसानी, आणि तेव्हा ते आपल्या राजकोटचे खासदार होते. हा संकेत चांगला आहे. पण पटलावर अहवाल कधी येतो? गुजरातमध्ये बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आमदार सामान आवरून गावी निघालेले असतात, पत्रकार रात्री मथळा काढतात, आणि चर्चा झालीच तर पुढच्या अधिवेशनात, जेव्हा नवं बजेट आलेलं असतं. कायद्याने कुणी काही चुकीचं करत नाही. किती दिवसांत मांडावा याची मुदत घटनेत नाही. मला विचारलं तर राज्याच्या खर्चावरच्या देखरेखीतली सगळ्यात मोठी फट हीच आहे आणि ती बुजवायला एका ओळीचा नियम पुरेल: अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडावा. मला कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

सीनियर एवढंच म्हणाले, "पक्ष्यांचा फोटो मोठा छापा."

रात्री ९.३०

जेवणं झाली. बाबांनी विचारलं, काही सापडलं का. दोनशे मीटर, मी सांगितलं. "बस्स?" म्हणून ते बातम्यांकडे वळले.

उद्याचं मागणीपत्र आजच रात्री तयार करून ठेवायचं असतं, म्हणजे सकाळी पहिल्या चहाआधी अकाउंटंटच्या टेबलावर पडतं. नेहमीच्या बाबी लिहिल्या: रॉयल्टीचे पास, मुदतवाढीची प्रकरणं, दोषदायित्व काळातल्या कामांची यादी, डिपॉझिट रजिस्टर. मग खाली आणखी एक लिहिली. आमच्या या तपासणीच्या कार्यकक्षेत ती नीट बसत नाही, सीनियर कदाचित खोडतील, पण सहीला ठेवणार आहे.

'बाब १९. डिव्हिजनच्या हद्दीतील सर्व पुलांचे रजिस्टर; गेल्या पाच वर्षांतील पावसाळ्यापूर्वीच्या व पावसाळ्यानंतरच्या तपासणीचे अहवाल; त्या अहवालांत सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी मागितलेली ग्रांट, मिळालेली ग्रांट व नामंजुरीची पत्रे. उपलब्ध नसल्यास तसे लेखी द्यावे.'